पावसाळ्यात गाईला फॅट लागत नाही: वैरण आणि खुराकाचं गणित कुठे बिघडतं

जून संपत आला की गोरेगाव, जोगेश्वरी, दहिसर, वसई या पट्ट्यातल्या गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. गाईला फॅट लागत नाही. फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश. मे महिन्यात ३.८ टक्के देणारी संकरित गाय ३.२ वर येते, एखादी तीनच्याही खाली जाते. शेण पातळ होतं. आज गव्हाणीत खुराक, म्हणजे पेंड-भरडा-दाणा, तसाच पडून राहतो, उद्या तीच गाय अधाशासारखी खाते, परवा पुन्हा तोंड लावत नाही. मालक पेंड बदलतो, जंताचं औषध पाजतो, कॅल्शियमच्या बाटल्या आणतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, फॅट आपोआप चढते, आणि त्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

या तक्रारीचं मूळ बहुतेक गोठ्यांत एकाच जागी सापडतं: पावसाळी हिरव्या गवतातल्या पाण्यात. भारे तेवढेच टाकले जातात, पण भाऱ्यात खाण्यासारखं जे असतं ते घटतं. वैरणीची बाजू हलकी होते, खुराकाची तशीच राहते किंवा वाढते, आणि गाईच्या पोटात आम्ल साठत जातं. हे कसं ओळखायचं, कसं मोजायचं आणि कसं सुधारायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

हे सगळं गाईंबद्दल आहे. मुंबईत दुधाचा गोठा म्हटलं की म्हशीच डोळ्यांसमोर येतात. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली तीसुद्धा शहरातल्या म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी, आणि आजही तिथल्या युनिटांत म्हशीच जास्त आहेत. म्हशीचं दूध सातवरून सव्वासहावर आलं तरी कुणी हिशेब मागत नाही, पोटाचा बिघाड लपून जातो. गाईला एवढी सवलत नाही. गाईच्या दुधाचं कायदेशीर किमान प्रमाण ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) आहे, आणि संकलनाचा दर ३.५ व ८.५ धरून निघतो. त्यामुळे गाईची फॅट अर्ध्या टक्क्याने घसरली की थेट पैसे कापले जातात. म्हशींच्या तबेल्यात दोन-चार गाई बांधणाऱ्यांचा घोटाळा इथूनच सुरू होतो. म्हशीच्याच मापाने, त्याच टोपलीने गाईलाही खुराक जातो.

आधी नमुना नीट घेतला का ते बघा

गाईला दोष देण्याआधी दुधाचा नमुना तपासा. पहिल्या धारांत फॅट फार कमी असते आणि शेवटच्या धारांत सर्वांत जास्त. वासराला शेवटचं दूध पाजायची पद्धत असेल, तर डब्यात येणाऱ्या दुधाची फॅट कमीच लागणार. डबा न ढवळता वरून किंवा तळातून नमुना घेतला तरी आकडा चुकतो. सकाळ-संध्याकाळच्या धारांत अंतर सारखं नसेल, तर जास्त वेळाने काढलेलं दूध भरपूर येतं पण पातळ येतं. म्हणून दोन्ही वेळचं दूध वेगवेगळं तपासा आणि सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. सलग चार-पाच दिवसांची फॅट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली तर चढउतार आहे की सरळ घसरण, ते दिसतं. एकाच गाईची फॅट पडली असेल तर त्या गाईची कास, खूर आणि दात बघा. गोठ्यातल्या निम्म्याअधिक गाईंची एकदम पडली असेल तर गव्हाणीकडे वळा.

पोटात नक्की काय होतं

गाईच्या कोठीपोटात, म्हणजे चार कप्प्यांतल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. वैरणीतला तंतू पचवणारे वेगळे, पिठूळ दाणा पचवणारे वेगळे. तंतू पचताना मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, आणि दुधातली फॅट बरीचशी त्यापासून बनते. दाण्यापासून तयार होणारं आम्ल गाईला ताकद देतं आणि दूध वाढवतं, पण फॅट वाढवत नाही. दोन्ही लागतातच. फरक वेगाचा आहे. दाणा झपाट्याने कुजतो आणि तासा-दोन तासांत पोटात आम्लाचा लोंढा येतो.

या आम्लावर गाईकडे स्वतःचा उपाय असतो, तो म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ गाळते आणि त्या लाळेत खाण्याचा सोडा असतो. पण ही लाळ सुटते चावण्याने. लांब तंतूची वैरण असली की गाय दिवसातले सात ते नऊ तास रवंथ करते. भरडा आणि गोळी पेंड दोन-चार मिनिटांत गिळली जाते, त्यात चावण्यासारखं काहीच नसतं. म्हणजे खुराक वाढला की आम्ल वाढतं, आणि त्याच वेळी आम्ल मारणारी लाळ कमी होते. बिघाड दुहेरी होतो तो असा.

कोठीपोटाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६.२ ते ६.८ असावा. तो ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. दिवसातले काही तास तो ५.५ च्या आसपास राहू लागला की गाय आतून आजारी असते. बाहेरून मात्र ताप नाही, पोटफुगी नाही, फक्त 'खात नाही, मग खाते, मग पुन्हा खात नाही' एवढंच. पोट जड झालं की ती खाणं थांबवते, आम्ल उतरलं की भुकेने तुटून पडते, आणि पुन्हा तेच चक्र.

गोठ्यातच करायच्या तीन तपासण्या

पहिली रवंथाची. वैरण टाकून दोन तास झाल्यावर गोठ्यात जा, कुणाला हाकू नका, फक्त उभे राहा. ज्या गाई बसलेल्या किंवा शांत उभ्या आहेत त्यांपैकी निम्म्यांपेक्षा जास्त रवंथ करत असायला हव्यात. मग एक गाय निवडा आणि एका घासाला ती किती वेळा चावते ते मोजा. घास गळ्यातून वर येताना दिसतो, आणि गिळल्यावर दोन-चार सेकंद तोंड थांबतं. या दोन्हींच्या मध्ये ५० ते ७० वेळा जबडा हलला पाहिजे. चाळिशीतच घास खाली जात असेल तर वैरणीत चावण्यासारखा तंतू नाही.

दुसरी शेणाची, आणि माझा सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर आहे. मूठभर ताजं शेण रव्याच्या चाळणीत घ्या आणि नळाच्या बारीक धारेखाली, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. चाळणीत काय उरलं ते हातात घेऊन बघा. बारीक, मऊ, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडे उरले तर पचन ठीक आहे. बोटाच्या पेरापेक्षा लांब गवताच्या काड्या तशाच बाहेर आल्या असतील तर तंतू पचवणारे सूक्ष्मजीव काम करत नाहीत. मक्याचे पिवळे दाणे, सरकी, डाळीची साल जशीच्या तशी दिसली तर खुराक वरच्या वर निघून जातो आहे. शेंबडासारखे पांढुरके पापुद्रे सापडले तर आम्लाचा त्रास आतड्यापर्यंत पोचला आहे, आता वाट बघत बसू नका. शेणात बुडबुडे आणि फेस असेल, आंबूस वास येत असेल, तर तेही याच बाजूचं लक्षण.

इथे एक फरक नीट ओळखावा लागतो. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत खाऊन कुठल्याही गाईचं शेण पातळ आणि गर्द हिरवं होतं. ती रवंथ चांगला करत असेल, फॅट टिकून असेल, चाळणीत दाणे नसतील, तर ते नुसतं पाणी आहे, घाबरू नका. शेण पातळ, रंग पिवळट-राखाडी, एकाच दावणीत शेजारच्या दोन गाईंचं शेण एकदम वेगळं, आणि फॅट उतरलेली, असं सगळं एकत्र दिसलं तर आम्लाचाच त्रास समजा.

तिसरी खुरांची. हिच्यात एक अडचण आहे: खूर उशिरा बोलतात. जुलैत पोट बिघडलं की खुराच्या आतल्या नाजूक थरात रक्तपुरवठा बिघडतो, आणि गाय लंगडताना दिसते ती दीड-दोन महिन्यांनी, गणपतीच्या किंवा नवरात्राच्या सुमारास. तोवर जुलैचा बिघाड विसरला जातो आणि लंगडण्याचा दोष ओल्या लादीला दिला जातो. ओली लादी खूर मऊ करते हे खरंच. पण एकाच गोठ्यात तीन-चार गाई एकदम मागच्या पायांवर अडखळू लागल्या, खूर छाटताना तळव्यात लालसर डाग दिसले, तर जुलैचा खुराक आठवा.

भारे तेवढेच, मग वैरण कमी कशी?

आता गणित. एक गाय घेऊ, वजन ४५० किलो, दूध १२ लिटर. ती दिवसाला वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १३ किलोभर कोरडा चारा-खुराक खाते. कोरडा म्हणजे पाणी वजा जाता उरणारा भाग. पोटाचा सगळा हिशेब याच भागावर चालतो. टोपली, भारा, पाटी ही मापं पाण्यासकट असतात.

मे महिन्यात तिला २५ किलो हिरवा चारा मिळतो. त्यात कोरडा भाग २० टक्के, म्हणजे ५ किलो. ३ किलो सुकं गवत किंवा कडबा, त्यातले २.७ किलो. खुराक ६ किलो, त्यातले ५.४. एकूण १३.१ किलो, आणि त्यात वैरण ७.७. म्हणजे वैरण ५९ टक्के, खुराक ४१. उत्तम ताळमेळ.

जुलै येतो. भारे तेच, २५ किलोच. पण गवत कोवळं, वर पावसाने भिजलेलं, त्यात कोरडा भाग १३ टक्क्यांवर येतो. पाणथळ जागेत वाढणाऱ्या पॅरा गवताचं तर हमखास असंच होतं. ५ किलोंचे सव्वातीन किलो झाले. सुकं गवत ३ किलो टाकलं तरी ते ओलसर, कुबट वासाचं असतं, गाय दोनच किलो खाते, बाकी पायाखाली तुडवते. त्यातून १.६ किलो. वैरण आली ४.८५ किलोवर. खुराकाला कुणी हातही लावलेला नाही, तरी वैरणीचा वाटा ५९ वरून ४७ टक्क्यांवर आला.

इथपर्यंत बहुतेक गाई तग धरतात. पुढची पायरी माणसाची. पोट भरलं नाही म्हणून दूध अर्धा-पाऊण लिटर उतरतं. मालक म्हणतो, खुराक वाढवा. ६ चे ८ किलो होतात. शिवाय बिअर कारखान्यातला ओला जवाचा चोथा स्वस्त मिळतो म्हणून ६ किलो तोही पडतो, त्यातून १.३ किलो कोरडा भाग. आता एकूण १३.३५ किलो आणि वैरण तेवढीच, ४.८५. म्हणजे ३६ टक्के. गाय पोटभर खाते आहे, गव्हाण भरलेली दिसते, भारे मोजून तेवढेच, आणि पोटातलं प्रमाण मात्र पार उलटून गेलेलं.

दुभत्या गाईच्या आहारात कोरड्या भागाच्या हिशेबाने वैरण ६० टक्क्यांच्या आसपास असावी. जास्त दूध देणारी, ताज्या वेताची गाय असेल तर ५० पर्यंत चालतं. त्याखाली जायचं असेल तर रोजच्या रोज बारीक नजर हवी, आणि मुंबईच्या गोठ्यात मध्यरात्रीनंतर धारा सुरू होतात तिथे एवढी नजर ठेवायला माणूस नसतो. मी तर ५० च्या खाली जाऊच नका असं सांगतो.

गवतातलं पाणी मोजायची पद्धत

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा आणि मायक्रोवेव्ह एवढं पुरतं. जुना मायक्रोवेव्ह मिळाला तर तो गोठ्यासाठीच ठेवा, गवताचा वास भांड्याला आणि पुढच्या जेवणाला लागतो.

भाऱ्याच्या वरून, मधून, तळातून अशी थोडी थोडी कुट्टी (यंत्राने बारीक कापलेली वैरण) घ्या, कालवा आणि त्यातली बरोबर १०० ग्रॅम काचेच्या बशीत पसरा. बशीचं वजन आधी वेगळं करून ठेवा. मायक्रोवेव्हच्या कोपऱ्यात पाण्याचा कप ठेवा, नाहीतर शेवटी गवत पेट घेतं. तीन मिनिटं चालवा, बाहेर काढा, वजन लिहा, गवत खालीवर करा. मग एकेक मिनिट, शेवटी अर्धा-अर्धा मिनिट. दोन वेळा लागोपाठ वजन बदललं नाही की थांबा. जेवढे ग्रॅम उरले तेवढे टक्के कोरडा भाग. गवत काळं पडलं तर तो नमुना टाकून नवा घ्या. मायक्रोवेव्ह नसेल तर कढईत मंद आचेवर हलवत सुकवा, आकडा थोडा सैल येतो पण १३ आणि २० मधला फरक स्पष्ट कळतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, आणि गवताची गाडी बदलली की त्या दिवशी, एवढं मोजमाप पुरे. ओल्या चोथ्यालाही हेच करा. तो एका खेपेला १८ टक्के तर दुसऱ्या खेपेला २६ असू शकतो.

दुरुस्ती: आज काय, या आठवड्यात काय

पहिल्याच दिवशी क्रम बदला. धारेच्या वेळी रिकाम्या पोटी चार किलो आंबोण (भिजवलेला खुराक) पुढे ठेवायची पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे, कारण गाय त्याने शांत उभी राहते. धारेआधी अर्धा तास सुकी वैरण टाका. पोटात तंतूचा थर झाला, लाळ सुटली, की मग खुराक. धारेला शांत ठेवायला किलोभर आंबोण पुष्कळ होते.

एका वेळेला दोन किलोंपेक्षा जास्त खुराक नको. ६ किलो द्यायचा तर तीन-चार वेळांत वाटा. गड्याचं काम वाढतं हे मला ठाऊक आहे, पण खुराकाचं वजन न बदलता नुसती वेळ वाटली तरी शेण चार दिवसांत बांधून येतं, हे करून बघण्यासारखं आहे. कुट्टी आणि आंबोण कालवून देणं आणखी चांगलं. नुसतं वरून ओतलं तर गाय जिभेने खुराक वेचते आणि कुट्टी ढकलून देते. गव्हाणीत शेवटी काय उरतं ते बघा. फक्त लांब दांडे उरत असतील तर ती वेचून खाते आहे.

दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात विभागून घाला. सोबत ४०-५० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड घातलं तर फॅटला आणखी मदत होते. पण सोड्यावर विसंबून वैरण तशीच कमी ठेवू नका. १५० ग्रॅम सोडा ही शंभर लिटर लाळेची जागा घेऊ शकत नाही.

कुट्टीची लांबी तपासा. यंत्राची पाती जवळ लावली की गवताचा चुरा होतो, आणि ओलं गवत तर चेचलंच जातं. दोन-तीन सेंटीमीटर लांबी हवी. कोवळं पावसाळी गवत तर थोडं लांबच ठेवा.

मग खुराक हळूहळू उतरवा. हिशेब जुनाच, पण तो पाळला जात नाही: शरीर पोसायला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. १२ लिटरच्या गाईला सव्वासहा किलोंच्या आसपास. ८ किलो चालू असेल तर दर दोन दिवसांनी अर्धा किलो याप्रमाणे खाली या, एकदम तोडू नका. पोटातले सूक्ष्मजीव नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे घेतात, खुराक चढवताना जसे तसेच उतरवतानाही. जवाच्या चोथ्यात काही वाईट नाही, त्यात प्रथिनं चांगली असतात. तो सहा किलो दिला तर तेवढ्या हिशेबाने गोळी पेंड कमी करा एवढंच. आणि पावसाळ्यात तो दोन दिवसांत संपेल तेवढाच घ्या. बुरशी आलेला चोथा, पेंड किंवा सुकं गवत गाईला घालू नका. बुरशीतलं विष दुधात उतरतं आणि ते दूध लहान मुलांच्या पोटात जातं.

खुराक कशाचा आहे तेही बघा. मक्याचा आणि गव्हाचा भरडा झपाट्याने आम्ल करतो. त्यातला किलोभर काढून तुरीची चुनी, हरभऱ्याचं टरफल किंवा गव्हाचा कोंडा घातला तर ताकद फार घटत नाही आणि पोटावरचा मारा कमी होतो. डाळमिल जवळ असणाऱ्यांना हे स्वस्तातही पडतं. टरफलात तंतू असला तरी तो बारीक असतो, त्याने रवंथ होत नाही, म्हणून त्याला वैरणीत धरू नका. तेल न काढलेला भाताचा कोंडा स्वस्त म्हणून भरपूर घातला जातो. त्यातलं तेल तंतू पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना जड जातं आणि फॅट आणखी पडते. तो किलोच्या आत ठेवा. शिळे पाव आणि उरलेला भात हेही शहरात सहज मिळतात. दोन्ही म्हणजे निव्वळ पिठूळ भाग. वैरणीची जागा ते कधीच घेऊ शकत नाहीत.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका

एवढं वाचून कुणी खुराक निम्म्यावर आणला आणि भाताचा पेंढा भरपूर टाकला, तर फॅट सुधारलेली दिसेल आणि गाय मात्र खंगेल. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, आणि तो पोटात इतका रेंगाळतो की गाय आणखी खाऊच शकत नाही. तिची लक्षणं वेगळी असतात: शेण घट्ट, थर साचलेलं, एसएनएफ ८.३ च्या खाली, फासळ्या दिसू लागतात, माजावर येत नाही. फॅट ठीक आणि एसएनएफ पडलेला असेल तर बहुधा ताकद कमी पडते आहे. फॅट पडलेली आणि एसएनएफ ठीक असेल तर तंतू कमी पडतो आहे. दोन्ही पडलं असेल तर गाय मुळात खातच नाही, तिथे आधी आजार शोधा.

नुकत्याच व्यालेल्या गाईचं आणखी वेगळं. पहिल्या महिन्यात ती अंगावरची चरबी जाळून दूध देते, त्यामुळे फॅट चांगली लागते आणि पोटाचा बिघाड आकड्यात दिसत नाही. नेमक्या याच काळात तिला खुराक झपाट्याने चढवला जातो. व्यायल्यावर दर दोन दिवसांना अर्धा किलो, याहून वेगाने चढवू नका. तिच्यासाठी चाळणी हीच खरी तपासणी.

मे महिन्यात करायचं काम

खरा उपाय पावसाआधीचा आहे. पावसाळ्यात गाईला रोज चार किलो सुकी वैरण मिळायला हवी. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे गाईमागे जवळजवळ पाचशे किलो. वाडा, मुरबाड, शहापूरकडचं सुकं गवत किंवा घाटावरचा कडबा मेच्या मध्यापर्यंत भरून ठेवा. जुलैत तेच गवत महाग मिळतं आणि अर्धं भिजलेलं मिळतं. साठवताना जमिनीपासून फूटभर उंच फळ्या टाका, भिंतीला चिकटवू नका, मध्ये हवा खेळू द्या. ताडपत्री सगळ्या बाजूंनी घट्ट गुंडाळली की आतून घाम धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

जागा नाही ही मुंबईतली खरी अडचण. जिथे दावणीला गाय मावत नाही तिथे पाचशे किलो गवत कुठे ठेवणार? अशा गोठ्यांना मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, परवडतो. पिशवीत दाबलेला मक्याचा मुरघास पावसात भिजत नाही, कमी जागेत मावतो आणि त्यात कोरडा भाग ३० टक्क्यांच्या आसपास ठरलेला असतो, रोज बदलत नाही. उघडलेली पिशवी मात्र त्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. आणि एक गोष्ट विकणारा सांगत नाही: मक्याच्या मुरघासात कणसातला दाणाही असतो. म्हणजे त्यातला काही भाग खुराकच आहे. रोज १५ किलो मुरघास सुरू केला तर खुराक किलोभर तरी उतरवा, आणि सोबत दोन किलो सुकं गवत ठेवाच.

किती दिवसांत फरक दिसेल

शेण तीन-चार दिवसांत बदलतं. रवंथ आठवड्यात वाढलेला जाणवतो. फॅट यायला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात, आणि लोक नेमके आठव्या दिवशी धीर सोडून पुन्हा पेंड बदलतात. खुरांना काही महिने लागतात, नवं खूर वाढून खाली येईपर्यंत. तीन आठवड्यांनी चाळणीतलं शेण चांगलं आणि फॅट तरीही पडलेलीच असेल, तर खुराकातल्या तेलाचा हिशेब पुन्हा करा आणि कासदाहाची (कासेच्या सुजेची) तपासणी करून घ्या.

मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही काही गाईंबाबत हीच तक्रार येते, पण वाट वेगळी असते. गाय तोंड उघडून धापा टाकते, लाळ पोटात जायच्या ऐवजी जमिनीवर गळते, आणि ती दिवसा वैरण टाळून फक्त खुराक खाते. मुंबईच्या दमट हवेत नुसत्या फवाऱ्याने गारवा येत नाही. अंग पूर्ण भिजवून पंखा लावला तरच येतो. त्या दिवसांत वैरणीचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे टाका.

एका प्रसंगात मात्र यातलं काहीही करत बसू नका. गाय सुटून पिठाच्या किंवा भरड्याच्या पोत्यात तोंड घालून बसली, किंवा सणाच्या दिवशी कुणी पातेलंभर भात, पुरणपोळ्या, लाडू खाऊ घातले, आणि ती सुस्त झाली, डोळे खोल गेले, शेण पाण्यासारखं आंबूस वासाचं झालं, चालताना झोकांडी जाऊ लागली, तर तो तातडीचा प्रसंग आहे. काही तासांतही गाय दगावू शकते. पुढचं सगळं खाणं उचला, नाकातोंडातून तेल किंवा ताक ओतू नका, ते फुप्फुसात जातं, आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. जवळ कुणी मिळत नसेल तर पशुधनासाठीचा १९६२ हा मोफत क्रमांक आहे. डॉक्टरला गाईने काय खाल्लं, किती आणि किती वाजता, एवढं नेमकं सांगा. शिरेतून सोड्याचं सलाइन द्यायचं की पोट उघडून रिकामं करायचं, हे ते त्यावरूनच ठरवतात.